रेघेपर्यंत

१

सकाळी ड्युटीवर आली की सिस्टर आधी खिशातला निळा मार्कर चाचपायची आणि मगच चहाचा विचार करायची. कातडीच्या वॉर्डात उभी हयात घालवलेल्या बाईचं ते हत्यार. पायावर लाली चढलेला पेशंट आला, की त्या लालीच्या कडेकडेने मार्करने रेघ काढायची. दुसऱ्या दिवशी लाली रेघेच्या बाहेर गेली तर औषध लागू पडत नाही, आत सरकली तर पडतंय. झालं, इतकं साधं काम. जुनी माणसं या दुखण्याला धावरं म्हणायची, कारण ते पायावरून धावत सुटतं. धावणाऱ्याला पकडायचं तर तो कुठवर पोचलाय हे आधी ठाऊक हवं, एवढाच त्या रेघेचा अर्थ.

वॉर्डातले मोठे डॉक्टर मोठे बोलघेवडे. शिकाऊ डॉक्टरांचा घोळका घेऊन राउंडला आले की पहिल्याच खाटेपाशी त्यांची गाडी सुरू व्हायची. "कातडी म्हणजे नोटीस बोर्ड. सभा आत चालू असते, बाहेर फक्त कागद लागतो. मान काळवंडली? साखर तपासा. नडग्यांवर दुखऱ्या गाठी आल्या? छातीचा फोटो काढा. अंगावर पुरळ नाही आणि खाज तर थांबत नाही? लिव्हर बघा, किडनी बघा. नुसतं मलम चोळत बसलात तर बोर्डावरचा कागद निघेल, पण आतली सभा चालूच राहील."

"आणि ठरावही पास होईल," सिस्टर ट्रे पुसता पुसता म्हणायची. सगळे हसायचे. तिचं हे वाक्य आता डॉक्टरांच्या भाषणाचाच भाग होऊन बसलं होतं. एखाद्या दिवशी ती बोलली नाही तर ते थांबून तिच्याकडे बघायचे.

त्या सकाळी खिडकीजवळच्या खाटेवर एक रिटायर्ड मास्तर आले होते. उजवी पोटरी लालबुंद, हात लावला तर चटका बसावा अशी. सिस्टर वाकून रेघ काढत होती, तेवढ्यात मागून जेवणाची ट्रॉली तिच्या कोपराला धडकली. मार्कर सटकला आणि जिथे चांगली निरोगी कातडी होती तिथे एक टोकदार चोच निघाली.

"सिस्टर, अक्षर बिघडलं तुमचं," मास्तर म्हणाले. "माझ्या वर्गात असतात तर बाकावर उभं केलं असतं."

"आधी तुम्ही स्वतःच्या पायावर उभे राहा, मग मला करा."

मास्तर खूश होऊन हसले. चोच पुसायची राहूनच गेली, कारण पलीकडच्या खाटेवरची बाई सलाइन संपलं म्हणून वॉर्ड डोक्यावर घेत होती.

२

दुसऱ्या दिवशी ती चोच भरली होती.

म्हणजे लाली सगळीकडे रेघेला येऊन थांबली होती, तशी ती चोचीतही शिरली होती आणि पार टोकापर्यंत जाऊन थांबली होती. लहान पोरं चित्राच्या पुस्तकात रंग भरतात ना, तशी. सिस्टर बघतच राहिली. लाली वाढली तर ती ओघळासारखी वाढते, वर चढते, खाली उतरते. तिला कोपरे वळवता येत नाहीत.

पण सिस्टर काही लगेच घाबरून बसणाऱ्यातली नव्हती. शाईची ॲलर्जी असेल, तिने स्वतःला सांगितलं. मग रेघेच्या दोन्ही बाजूंना लाली यायला हवी होती, ती नव्हती. मार्कर जास्त दाबला गेला असेल. असेलही. तिने तो मार्कर कचऱ्याच्या बादलीत टाकला आणि टेबलावरून साधं बॉलपेन उचललं.

त्याच दिवशी एक बेकरीवाला आला, घोट्यापासून वर लाल झालेला. सिस्टरने रेघ काढताना हात सैल सोडला. मुद्दाम सोडला असं नाही म्हणता यायचं, पण आवरलाही नाही. एका बाजूला चांगली बोटभर मोकळी जागा राहिली. सकाळी येऊन बघते तर मोकळी जागा शिल्लकच नाही, सगळी लाल, आणि रेघेपलीकडे एक केसभरही नाही.

"सिस्टर, रेघ घट्ट काढत जा," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही सैल काढली की आम्हाला वाटतं आजार थांबलाय. फसगत होते आमची."

"हो सर," ती म्हणाली. कोण कुणाला फसवतंय, हे तिला विचारायचं होतं, पण कुठल्या तोंडाने विचारणार?

३

आता माणसाच्या मनात जे येतं तेच तिच्याही मनात आलं. बाहेर काढलेल्या रेघेपर्यंत हे येतं, तर आत काढलेल्या रेघेपर्यंत मागे जातं का?

मास्तरांच्या पायावर तिने नवी रेघ काढली, लालीच्या कडेने नाही तर चक्क लालीच्या आतून. आकार तोच ठेवला, चोचीसकट, फक्त लहान. का ते तिला सांगता आलं नसतं. हात तसाच फिरला.

लाली मागे आली. दुसऱ्या दिवशी तिने आणखी आत काढली, लाली आणखी मागे आली. डॉक्टरांनी त्याच सुमाराला इंजेक्शन बदललं होतं, त्यामुळे सगळं श्रेय इंजेक्शनला गेलं, आणि सिस्टरलाही ते तिकडेच जायला हवं होतं. इंजेक्शनच असणार. दुसरं काय असणार? इतकी वर्षं वॉर्डात काढून, आता या वयात, ती काही बॉलपेनने पेशंट बरे करणार नव्हती.

शेवटी मास्तरांच्या पोटरीवर टिकलीएवढा ठिपका उरला. डिस्चार्जच्या दिवशी सिस्टरने स्पिरिटचा कापूस घेऊन तो पुसला. कापसावर निळं आलं. थोडं लालही आलं असं तिला वाटलं, मग नाही वाटलं. खालची कातडी मात्र गार होती. दुसरी पोटरी कोमट आणि ही गार, नळाखाली धरल्यासारखी.

"चला, पायावर उभा राहिलो," मास्तर म्हणाले. "आता तुम्ही बाकावर."

मास्तरीणबाईंनी जाताना तिचे दोन्ही हात हातात घेतले. "देवासारख्या धावून आलात हो," त्या म्हणाल्या, आणि सिस्टरला उगाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

४

सिस्टरला जगात एकच माणूस, तिचा धाकटा भाऊ. लहानपणी गुबगुबीत होता म्हणून त्याचं नाव भोपळ्या पडलं आणि अंगावरची चरबी झडली तरी नाव काही झडलं नाही. आई गेली तेव्हा तो शाळेत होता. सिस्टरने स्वतःचं लग्न राहू दिलं आणि याला वाढवला. आता तो फरशी बसवायचं काम करायचा, कामही असं फक्कड की फरशीवर गोटी ठेवली तर जागची हलायची नाही. दिवसभर ओल्या सिमेंटमध्ये बूट घालून वावरायचं, त्यामुळे पायाच्या बोटांमध्ये चिखल्या कायमच्या. सिस्टर पावडर आणून द्यायची, तो लावायचा नाही. भेगांतून काय आत शिरेल सांगता येत नाही, असं ती शंभरदा म्हणाली असेल.

एका सकाळी तो उठला तो थंडी वाजून कुडकुडत. सिस्टरने चादर बाजूला केली. पाऊल लाल, घोटा लाल, नडगीवर लाली अर्ध्यावर आलेली.

तिने त्याला तसाच उचलून आपल्या वॉर्डात आणला, खिडकीजवळची तीच खाट रिकामी होती. इंजेक्शनं चालू झाली. तिने रेघ काढली, अगदी घट्ट, लालीला चिकटून, श्वास रोखून. ही रेघ तरी कुणी हलवू नये म्हणून ट्रॉलीवाल्याला आधी बाहेर उभं केलं.

पण लालीला चिकटलेली ती रेघ भोपळ्याचं धावरं मानेना. ते गुडघ्यावर गेलं. कातडीवर फोड आले. डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं, आणि त्या दिवशी नोटीस बोर्डाचं भाषण झालं नाही. "औषध पकडत नाहीये, सिस्टर. उद्या सकाळपर्यंत वाट बघू. मांडीवर चढलं तर पाय उघडावा लागेल. आणि उघडल्यावर किती ठेवता येईल, हे आत्ता नाही सांगता येणार."

फरशी बसवणाऱ्या माणसाचा पाय. सिस्टर बाथरूममध्ये गेली, नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं. मग तोंड धुतलं, बॉलपेन घेतलं आणि गुडघ्याच्या बरंच खाली, भडक लाल कातडीवर, आतून रेघ ओढली.

"ताई, रेघ चुकली," भोपळ्या तापात म्हणाला. जन्मभर दोऱ्याला धरून फरश्या लावलेला माणूस, त्याच्या नजरेतून रेघ सुटायची नाही.

"तू गप्प पड."

"अगं, हद्द इथे आहे आणि तू तिथे…"

"भोपळ्या, गप्प पड म्हटलं ना!"

सकाळी लाली गुडघ्याखाली उतरलेली होती. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. सिस्टर भिंतीला टेकून उभी होती. तिला आनंद झाला होता, भीती वाटत होती, आणि दोन्हीतलं काय जास्त हे तिला बघायचंच नव्हतं. भाऊ दोन पायांवर घरी येणार होता. बाकी सगळं गेलं खड्ड्यात.

मग रोज थोडं थोडं करत तिने ते नडगीवरून खाली आणलं, घोट्यावरून पावलावर, पावलावरून करंगळीपाशी. शेवटचा ठिपकाही तिने पुसला. खालची कातडी गार लागली. ताप गेला की अंग गार लागतंच, ती स्वतःशी म्हणाली.

५

भोपळ्या घरी गेला आणि कामावर रुजूही झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मास्तर परत आले.

ते चाकाच्या खुर्चीत होते. ओठ निळसर, वाक्य पुरं करायला दम पुरत नव्हता. मास्तरीणबाई सगळ्यांना त्यांची पोटरी दाखवत होत्या. "बघा ना, पाय तर अगदी छान झालाय. डागसुद्धा नाही. मग हे काय झालं?"

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला त्यांना खालच्या मजल्यावरच्या अंधाऱ्या खोलीत न्यायचं होतं. सिस्टरने खुर्ची ढकलली. तिथला मशीनवाला गुणगुणत काम करणारा, जॉली माणूस. त्याने मास्तरांच्या छातीला जेल लावलं, मशीनचं टोक टेकवलं आणि पडद्यावर हृदय उघडमीट करू लागलं.

"हे बघा, झडपेवर बसलंय," तो म्हणाला. बटणांमधला माउससारखा गोळा फिरवत त्याने पडद्यावरच्या डागाभोवती ठिपक्यांची रेघ काढली, माप घ्यायला. "जरा मोकळीच पडली रेघ. असू दे, अंदाज येतो."

सिस्टरचं त्याच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. झडपेबरोबर तो डाग हलत होता आणि त्याला एका बाजूने टोकदार चोच होती. आपल्या हातची चूक माणूस विसरत नाही. चोचीचा कल, तिचं किंचित वाकलेलं टोक, सगळं तेच.

"पुस्तकात आहे हे," डॉक्टर नंतर म्हणाले. "कातडीतून जंतू रक्तात जातात आणि झडपेवर मुक्काम करतात. बाहेरचं बरं दिसतं, आत हे चालू असतं. मी नेहमी सांगतोच."

ते थांबले आणि सवयीने सिस्टरकडे बघितलं. ती मास्तरांच्या पोटरीवर चादर ओढत होती.

पुस्तकात असेल. पण पुस्तकात चोच होती का?

दुसऱ्या दिवशी पुन्हा इको झाला. मशीनवाला स्वतःवरच खूश होता. "बघा, काल रेघ मोकळी पडली म्हणालो ना? आज डाग बरोबर तेवढाच झालाय. नजर आहे आपली!"

मास्तर दुपारच्या चहाच्या वेळी गेले. मास्तरीणबाई त्यांच्या पायावरून हात फिरवत म्हणत होत्या, "किती गार पडले हो." सिस्टरला ठाऊक होतं की तो पाय केव्हाचाच गार होता.

६

ती ड्युटी अर्धवट टाकून भोपळ्याच्या कामावर गेली. नव्या बिल्डिंगचा जिना, कठडा अजून बसायचा होता. भोपळ्या मधल्या पायरीवर बसला होता, फरशी मांडीवर घेऊन.

"दम खातोय," तो हसून म्हणाला. "म्हातारा झालो गं ताई. एक मजला चढलो की छातीत ढोल वाजतो. पाय मात्र फर्स्ट क्लास! बघ." त्याने बूट काढून पाय पुढे केला.

तिथेच, सिमेंटच्या पायरीवर बसून, तिने पेन काढलं आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत जेवढी मावेल तेवढी मोठी रेघ काढली. रेघेपर्यंत येतं ना ते? मग येऊ दे. पुन्हा बाहेर येऊ दे, पाय घेऊन जाऊ दे, हवं तर मांडीपर्यंत जाऊ दे.

"हे काय, नकाशा काढतेस काय माझ्यावर?"

"हलू नकोस."

"ताई, तू रडतेयस."

"सिमेंट गेलं डोळ्यात."

त्याने आपल्या खडबडीत अंगठ्याने तिचा गाल पुसला. त्याचं बोटही गार होतं.

सकाळी त्याची पँट वर करून बघितली तर रेघ होती तशीच होती. आतली कातडी स्वच्छ, गोरी, एक डाग नाही. सामान हलवून झालेल्या घरासारखी दिसत होती ती. ज्याला ती बोलवत होती ते तिथे राहायलाच नाही आता, हे तिला कळलं. तिनेच एकेक खोली बंद करत त्याला आत पाठवलं होतं.

७

इको नको, असं तिने भोपळ्याला सांगून बघितलं. पण तो तिला भेटायला वॉर्डात आला तेव्हा डॉक्टरांसमोरच चक्कर येऊन पडला, आणि मग कोण कुणाचं ऐकतंय. त्याला खाली नेलं. सिस्टर स्ट्रेचरबरोबर जवळजवळ पळतच गेली आणि मशीनवाल्याच्या टेबलाला धरून उभी राहिली.

"दादा, एक ऐकाल? मापं घेऊ नका. नुसतं बघा."

"मापाशिवाय रिपोर्ट कसा देऊ सिस्टर?"

"अंदाजाने लिहा. माझा भाऊ आहे हो. रेघ तेवढी काढू नका."

मशीनवाल्याने तिच्याकडे नीट बघितलं. भाऊ म्हटल्यावर बायका काहीबाही बोलतात, हे त्याने पाहिलेलं होतं. "बरं," तो मऊ आवाजात म्हणाला. "नाही काढत."

खोलीत मशीनचा पंखा घरघरत होता. भोपळ्या कुशीवर झोपला होता, तिचा हात धरून. पडद्यावर हृदय उघडमीट करू लागलं. झडपेवर डाग होता. लहानसा. आणि त्याच्या आत कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या बारीक कडा होत्या, एकात एक, एकात एक. तिच्या रोजच्या रेघा. ती जी गुडघ्याखाली घाईने ओढली होती तिचा वाकडेपणासुद्धा होता.

लहान रेघ काढायला सांगू का याला? तिच्या मनात आलं. अजून आत, अजून लहान. पण पायातून आत गेलं ते हृदयात आलं. हृदयाच्या आत आणखी कुठे धाडणार? तिथे काय असतं, हे डॉक्टरांच्या भाषणात नव्हतं, त्यांच्या पुस्तकातही नसणार.

मशीनवाला गुणगुणू लागला. काम करताना तो नेहमीच गुणगुणायचा. त्याचं लक्ष पडद्यावर होतं आणि हात आपल्या सवयीने गोळ्यावर गेला होता. डागाच्या कडेला एक ठिपका उमटला. मग दुसरा.

"काढू नका!" सिस्टर किंचाळली.

तो दचकला. गोळा त्याच्या हाताखाली गरकन फिरला आणि ठिपक्यांची रेघ सुसाट निघाली. झडपेवरून, कप्प्यांवरून, हृदयाला पुरता वेढा घालून, पडद्याच्या कडेकडेने फिरून परत आली आणि मिटली.

"अहो, केवढ्याने ओरडलात!" मशीनवाला छातीवर हात ठेवून म्हणाला. "बघा, कुठल्या कुठे गेली. थांबा, पुसतो आणि…"

"पुसू नका!"

"मग? अशीच ठेवू?"

पुसलं की ते आत जायचं आणि ठेवलं की रेघेपर्यंत भरायचं. दोन्ही तिला चांगलं ठाऊक होतं, तिच्याएवढं कुणालाच ठाऊक नव्हतं. मशीनवाला बोट बटणावर ठेवून वाट बघत होता.

"ताई," भोपळ्या पलीकडे तोंड करून पडला होता, त्याला पडदा दिसत नव्हता. "काय दिसतंय गं?"

"काही नाही, राजा. पडून राहा."

पडद्यावर डागाच्या कडेला एक बारीक चोच फुटली. हृदय मिटलं, उघडलं, आणि ती चोच रेघेच्या दिशेला जराशी लांब झालेली होती.

"ताई, हात किती घट्ट धरलायस," भोपळ्या म्हणाला. "दुखतंय ना."